डॉलरवाल्या वानखेडे मॅडम

वर्तमानपत्र हातात आलं की लोक आधी मथळे वाचतात, माझ्या वयाचे लोक निधनवार्ता वाचतात. मी डॉलरचा भाव पाहतो. माझा स्वतःचा डॉलरशी काडीचा संबंध नाही. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. पेन्शन रुपयांत मिळते आणि रुपयांतच संपते. पण डॉलर जरा वर सरकला की अजूनही मी पेपर आपटून ठेवतो, कारण तेवढ्यानं वानखेडे मॅडमची मिळकत वाढलेली असते. ही सवय त्यांनी मला लावली असं म्हणता येणार नाही. माझी मीच लावून घेतली.

वानखेडे मॅडम आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळा हिंदी माध्यमाची, जबलपूरच्या बहुतेक शाळांसारखी. अख्ख्या स्टाफमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे बाकीच्यांची उणीदुणी त्यांच्या देखत काढायला फार सोयीचं पडे. मॅडम बुटक्या, अंगानं भरलेल्या, चष्मा गळ्यात दोरीला, आणि उजव्या हाताला खडूचा पांढरा थर कायमचा. नकाशा काढताना त्या फळ्याकडे बघत नसत. वर्गाकडे तोंड करून, हात मागे नेऊन हिंदुस्थानचा किनारा काढायच्या आणि त्याच वेळी शेवटच्या बाकावरच्या मुलाला उभं राहायला सांगायच्या. आयुष्यभर चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे पाहणं सोपं जात नाही. मी स्टाफरूममध्ये सांगत असे, की ही पाठ केलेली रेघ आहे, यात कला काही नाही.

घरी त्या टाक आणि शाईनं नकाशे काढत. टाकाच्या निबा हिंगाच्या रिकाम्या डबीत, निबा पुसायला जुन्या परकराचा तुकडा. खोडरबर घरात नाही. रेघ चुकलीच तर ब्लेडच्या टोकानं कागद खरवडून काढायच्या, पण ती पाळी क्वचित येई. जेलपेन वापरणाऱ्या मुलाच्या वहीवर त्या लाल शाईनं इंग्रजीत एवढंच लिहीत: ‘सी मी.’ मुलं त्याला फार घाबरत.

आणि पाणी. कोणताही नकाशा, कोणतंही चित्र, कॅलेंडरवरचा डोंगर जरी दिसला तरी मॅडम पहिला प्रश्न पाण्याचा विचारत. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे ठरल्याशिवाय गाव कुठे वसेल, रस्ता कुठून जाईल, पूल कुठे बांधतील, काहीच ठरत नाही असं त्यांचं म्हणणं. त्यांची पहिली नेमणूक कुंडमला झाली होती, जंगलाच्या बाजूला, आणि तिथले सगळे नाले त्यांनी पायी पाहिले होते. एकदा शाळेची सहल तिकडे गेली तेव्हा एका मोरीवर त्यांनी बस थांबवली. ड्रायव्हर म्हणाला, “मैडम, यहाँ देखने लायक कुछ नहीं है.” मॅडम चाळीस मुलांना घेऊन उतरल्या, दोन ओहोळ जिथे एक होत होते तिथे उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “सर, पाहून घ्या. पाणी खाली जाताना एकमेकांत मिळते. उगाच फुटून दोन वाटांनी जात नाही. फक्त समुद्रापाशी जाऊन फुटते, बापा.” मी मान डोलावली. मला चहाची घाई होती.

मी तेव्हा नीट पाहून घ्यायला हवं होतं. त्याच वर्षी शाळेच्या सभागृहासाठी मी सहा फुटी चित्र काढलं: भेडाघाट, दोन्हीकडे संगमरवराचे कडे, मधून नर्मदा आणि लांब मागे धुवाँधार धबधबा. तीन महिने खपलो. प्राचार्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मॅडम चष्मा लावून पुढे झाल्या आणि सगळ्यांसमोर, मनात काहीही न ठेवता, म्हणाल्या, “सर, चित्र फर्मास आहे जी. पण हे पाणी कुठून येऊन राहिलं? फेस दगडाच्या या अंगाला काहून? तुमची नर्मदा तर धुवाँधारवर चढून राहिली.”

त्यांनी ते मराठीत म्हटलं होतं. पण प्राचार्यांनी विचारलं, “क्या कह रही हैं?” तेव्हा त्यांनी हिंदीतही सांगितलं. सभागृह हसलं. पुढची कित्येक वर्षं मुलं मला पाठीमागे ‘चढ़ती नर्मदा’ म्हणत. चित्र हळूहळू सभागृहातून खेळाच्या खोलीत गेलं आणि तिथे त्याच्यापुढे कॅरमबोर्ड उभे राहिले. मॅडमना यातलं काही आठवतही नसावं. माझ्या मात्र सगळं लक्षात राहिलं.

दोघं एका वर्षाच्या अंतरानं निवृत्त झालो. त्यांचं घर चेरीतालला, माझं तिथून दोन गल्ल्या सोडून. त्यांचे यजमान आधीच गेले होते, मुलगी भिलाईला. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की मी आता खरी चित्रं काढणार आणि मॅडम मटार सोलत बसणार. झालं उलटंच.

अंकित नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी बंगळूरला नोकरीला होता. सुट्टीत भेटायला आला तेव्हा पिशवीत एक जाडजूड, रंगीत, परदेशी पुस्तक घेऊन आला. ते एका खेळाचं पुस्तक होतं. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, चोर, वैद्य होऊन बोलतात, आणि अडलं की फासे टाकून पुढचं ठरतं. ना पट, ना हारजीत. मात्र गोष्ट ज्या मुलखात घडते त्याचा नकाशा लागतो. अंकितनं कौतुकानं पुस्तकातला नकाशा दाखवला. मॅडमनी लाल पेन घेतलं.

त्या नकाशात एक नदी खाली येता येता तीन ठिकाणी फुटली होती आणि एका तळ्यातून दोन नद्या दोन दिशांना निघाल्या होत्या. मॅडमनी पेपर तपासावा तसा तो महागडा नकाशा तपासला, समासात कारणं लिहिली आणि खाली घातलं: ‘टू आउट ऑफ टेन. सी मी.’ अंकितनं त्याचा फोटो काढून हा खेळ खेळणाऱ्यांच्या एका इंटरनेटवरच्या गटात टाकला. आठवड्याभरात कॅनडातल्या एका दातांच्या डॉक्टरनं आपला स्वतःचा नकाशा तपासायला पाठवला. मग आणखी कोणी. मग एकानं विचारलं, तपासण्यापेक्षा बाई स्वतःच काढून देतील का?

पुढचं सगळं अंकितनं लावून दिलं. महिन्याला एक नवा मुलूख. मॅडम कागदावर काढायच्या, तो त्याची चित्रफाइल करायचा, आणि ज्यांना हवा ते महिन्याला तीन डॉलर भरून उतरवून घ्यायचे. प्रत्येक नकाशासोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी: या मुलखात पाणी कुठून येतं, कुठे मिळतं, नदी रुंद कुठे होते. मॅडम त्या गिऱ्हाइकांना ‘माझे पोट्टे’ म्हणत, त्यात पन्नाशीचे वकीलही होते. पोट्ट्यांना त्यांच्या लाल शाईचं वेड लागलं. वर्षभरात सहाशेच्या वर पोट्टे झाले.

“तीन डॉलर म्हणजे फार नाही,” मी बायकोला म्हणालो.

“गुणिले सहाशे करा ना,” सुनंदा म्हणाली. तिनं ते आधीच करून ठेवलं होतं. आकडा माझ्या पेन्शनच्या तिपटीच्या आसपास जात होता.

त्या दिवसापासून मी डॉलरचा भाव पाहू लागलो. मला वाटायचं, हे खूळ चार दिवसांचं. मी मॅडमना खोदून खोदून विचारायचो आणि त्या भाबडेपणानं सांगायच्या, की या छंदात पैसा कुठून कुठून येतो. कोणी तासाचे पैसे घेऊन नुसता गोष्ट सांगतो. कोणी काचेसारख्या फाशांमध्ये सुकी फुलं बसवून विकतो आणि त्यावर घर बांधतो. कोणी खानावळीतल्या कलकलाटाचं ध्वनिमुद्रण विकतो, कारण गोष्टीतले लोक खानावळीत बसले की मागे तसा आवाज हवा. “कलकलाट विकतात, सर! आपल्या स्टाफरूमचा किती गेला असता!” असं म्हणून त्या हसायच्या. मी पण हसायचो. घरी आल्यावर माझा तिळपापड व्हायचा.

मी भेडाघाटची बारा जलरंगातली चित्रं फ्रेम करून एका हॉटेलच्या लॉबीत लावली. चार महिन्यांत एक गेलं. ते हॉटेलच्याच मॅनेजरनं नेलं, आणि ते भेट म्हणून. इकडे मॅडमनी डॉलरमधून एक चांगली खुर्ची, उत्तरेकडची मोठी खिडकी आणि कागद ठेवायला लोखंडी कपाट केलं. बस्स. पनागरहून येणाऱ्या भाजीवालीशी मटारासाठी घासाघीस पूर्वीसारखीच. त्या थोड्या तरी शेफारल्या असत्या तर मला बोलायला जागा मिळाली असती. तेवढंही सुख त्यांनी मला दिलं नाही.

मग त्यांचे डोळे गेले. गेले म्हणजे मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, आणि साखर इतकी वाढलेली, की डॉक्टर ऑपरेशन करेनात. आधी साखर खाली आणा म्हणाले. एक दिवस मॅडमनी मला बोलावलं. समोर कोरा कागद होता.

“सर, डोकं माझं, हात तुमचा. निम्मे निम्मे. काय म्हणता?”

“नकाशे? मी?” मी म्हणालो. “मॅडम, मी चित्रकार आहे.”

“म्हणून तर विचारून राहिले ना जी. दुसऱ्या कोणाच्या हातचं मला चालणार नाही.”

मी हो म्हटलं, पण एका अटीवर: माझं नाव कुठे यायचं नाही. सहा फुटी चित्रं काढणारा माणूस खेळातले नकाशे काढतो हे कोणाला कळायला नको होतं. मॅडमना अट कळली नाही, पण त्यांनी मान्य केली.

असं आम्ही चार महिने काम केलं. रोज सकाळी दहाला मी जायचो. त्या कागदावर बोट ठेवायच्या: “इथे बर्फाचा डोंगर. इथून पाणी. डाव्या हाताला खडक आहे, म्हणून ते उजवीकडे वळते. आता इकडून एक नाला आणा, तिरपा, खालच्या अंगाला झुकलेला.” त्यांना रेघ दिसत नव्हती, फक्त काळसर धूर दिसायचा. पण निब कागदावर कशी वाजते त्यावरून, “सर, दाबून राहिले तुम्ही, हलकं,” असं म्हणायच्या. खरं सांगायचं तर, ते चार महिने मी फार चांगलं काम केलं. माझा निम्मा वाटा दर महिन्याला न मागता खात्यात यायचा.

मग ते पत्र आलं. त्या कॅनडाच्या डॉक्टरचं. मॅडमना दिसत नसल्यामुळे मीच वाचून दाखवलं. त्यानं लिहिलं होतं, की गेल्या काही महिन्यांत बाईंची रेघ अतिशय सुंदर झाली आहे, आधी ती अचूक होती, आता तिच्यात जीव आला आहे, आपण दोन नकाशे चौकट करून दवाखान्यात लावले आहेत.

मॅडम खुश झाल्या. “पाहा सर! तुमची तारीफ आहे ही. मी लिहून देऊ का त्याला, की माझे सर काढतात म्हणून?”

“नको,” मी म्हणालो.

का नको म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. चाळीस वर्षांत माझ्या रेघेबद्दल असं कोणी लिहिलं नव्हतं, आणि लिहिलं ते वानखेडे मॅडमच्या नावानं. मी हो म्हटलं असतं तर विषय तिथे संपला असता. पण त्यांनी देऊ केलेलं नाव मला नको होतं. घरी गेलो, जेवलो नाही, सुनंदाशी विनाकारण भांडलो.

दुसऱ्या दिवशी नवा मुलूख सुरू झाला. मॅडमनी नेहमीप्रमाणे बोट ठेवून सांगितलं: पाणी बर्फातून निघतं, सात नाले मिळतात, नदी रुंद होत दलदलीतून समुद्राला जाते. मी नदी काढली. समुद्रापाशी बारीक, डोंगरापाशी रुंद. सातही नाले उलट्या अंगानं झुकवले, आणि मॅडमनी सांगितलेली पाण्याची चिठ्ठी अंकितला पाठवलीच नाही. अनोळखी माणसाला नुसती नदी दिसेल. पण मॅडमनी ज्याला पाणी वाचायला शिकवलंय त्याला स्पष्ट कळेल, की ही नदी समुद्रातून निघून बर्फावर चढते आहे. सगळ्या रेघा एका दमात काढल्या. मॅडम शेजारी बसून दुधाळ डोळ्यांनी कागदाकडे पाहत होत्या. “छान वाजून राहिली निब आज,” म्हणाल्या.

मला वाटलं होतं, पोट्टे बोंब मारतील. सहाशे माणसांसमोर मॅडमचं एकदा तरी हसं होईल, मग फिट्टंफाट.

चौथ्या दिवशी अंकितचा फोन आला. मॅडमनी तो मलाही ऐकू येईल असा ठेवला. “मैडम जी, कमाल कर दिया! नदी पहाड़ पर चढ़ रही है! सब पागल हो गए हैं, सब पूछ रहे हैं कि ऊपर कौन खींच रहा है पानी को!” पोट्ट्यांना वाटलं, बाईंनी मुद्दाम कोडं घातलं. जगभरच्या टेबलांवर त्या नदीच्या गोष्टी सुरू झाल्या. कोणाच्या गोष्टीत डोंगरात राक्षस होता, कोणाच्या गोष्टीत बर्फाखाली दुसरा समुद्र. त्या एका नकाशानं तीनशे नवे पोट्टे आणले. माझ्या वाट्याला त्या महिन्यात इतके पैसे आले, की आम्ही नवा फ्रिज घेतला.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, “सर, मी काय सांगतलं होतं तुम्हाला? आठवा बरं. पाणी डोंगरातून सांगतलं, की समुद्रातून?”

मी म्हणालो, “तुम्ही सांगितलं तसंच काढलं, मॅडम.”

त्यांनी अंकितला तो नकाशा विक्रीतून काढायला लावला आणि सगळ्यांना पत्र लिहवलं, की चूक माझी आहे, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी कळवावं. अंकितनं गयावया केली, लोक मागतायत म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. आठवड्याभरानं त्यांनी टाक, निबांची डबी, शाई, सगळं लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली लावली.

“डोळ्यांचं काही नाही, सर,” त्या म्हणाल्या. “डोळे येतील. पण माझ्या आईला असंच झालं होतं. आधी चुलीवर रिकामं भांडं ठेवायची. मग मला ओळखेना. पाणी खालून वर सांगतलं मी! मी! हे डोकं गेल्याचं लक्षण आहे. आता पैसे घेऊन लोकांना उलटंसुलटं सांगू नये माणसानं.”

 मूग गिळून चहा प्यालो आणि घरी आलो. मी घाबरलो होतो, आणि, लाज वाटते सांगायला, आत कुठेतरी हलकंही वाटत होतं, कारण पुढच्या महिन्यात डॉलर येणार नव्हते. महिनाभर मी त्यांच्या गल्लीतून गेलो नाही. सुनंदा भेटून आली. म्हणाली, “अहो, त्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लावून राहिल्या. गॅस बंद कर, दार लाव. मला विचारत होत्या, मी एकच गोष्ट दोनदा बोलते का म्हणून.” त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. पण जायला आणखी वीस दिवस लावले मी.

साखर उतरली, आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी त्यांना भिलाईला न्यायला येणार होती. त्या तिकडे गेल्यावर आमची पुन्हा भेट झाली नाही. मुलगी यायच्या दोन दिवस आधी मी मॅडमकडे गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. जिन्यात दोनदा म्हणून पाहिलं.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एकही चिठ्ठी नव्हती. मॅडम खिडकीपाशी काळा चष्मा कपाळावर सरकवून बसल्या होत्या आणि समोर तो नकाशा होता, माझ्या हातचा, मूळ कागद. भिंग लावून त्या नदीवरून बोट फिरवत होत्या. मी उंबऱ्यावरच थांबलो.

“मॅडम, मी...”

“या, या. बसा.” त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्यांना माझा चेहरा दिसत होता. “सर, सातही नाले उलटे. साती. आणि एकही रेघ अडखळली नाही. चुकलेल्या पोराची रेघ अशी नसते, मी वह्या तपासल्या आहेत. हे तुम्ही मुद्दाम केलं न?”

पाठ केलेलं वाक्य मला आठवेना. मी हो म्हणून मान हलवली.

मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला हाकलतील, आणि दोन्हीला मी तयार होतो. पण त्यांनी एकदम सुटल्यासारखा श्वास सोडला आणि त्या हसू लागल्या. पोट धरून हसल्या. ऑपरेशनच्या डोळ्यांत पाणी आलं ते पदरानं टिपताना म्हणाल्या, “बरं झालं बापा! बरं झालं, तुम्ही होते! म्हणजे माझं डोकं शाबूत आहे ना सर! मी बरोबरच सांगतलं होतं ना?”

“बरोबर सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“डोंगरातून?”

“डोंगरातून.”

“सात नाले?”

“सात.”

त्यांनी मला माफ केलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. त्यांना त्यासाठी वेळच नव्हता. त्या उठल्या, कपाटाचं कुलूप उघडलं, टाक काढला, कोरा कागद पसरला, आणि शाई आहे की वाळली हे पाहू लागल्या. का केलंत, हेही विचारलं नाही. मीच म्हणालो, “मॅडम, मी येतो.” त्या “हो, या,” म्हणाल्या, पण मान वर न करता. निब कागदावर वाजायला लागली होती. मी दारात जरा थांबून पाहिलं. एकतीस वर्षं फळ्याकडे न बघता नकाशा काढणारी ही बाई आता कागदावर नाक टेकेल इतकी वाकून, एकेक रेघ बघत काढत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला माझ्या एकाही चित्रापुढे कधी झालेला नाही.